अडखळण्याचा रियाज

काका मेसेज करत नाहीत. त्यांच्याकडे चांगला फोन आहे, मुलीने त्यात व्हॉट्सअ‍ॅपही घालून दिलंय, पण ते फोनच करतात. तोही रविवारी सकाळी, माणूस दुसरा चहा घेऊन जरा पेपर उघडतो त्या वेळेला. मी स्क्रीनवर त्यांचं नाव बघतो, फोन वाजू देतो, आणि तो गप्प झाला की मेसेज टाकतो, ‘बाहेर आहे, नंतर बोलतो.’ बहुतेक वेळा मी बाहेर नसतो, सोफ्यावर असतो. काकांना ते ठाऊक असतं. दोन मिनिटांनी पुन्हा रिंग येते. मी उचलतो. पलीकडे आधी काहीच ऐकू येत नाही, मग एक लांबलचक ‘स’ सुरू होतो आणि त्याच्या मागून बाकीचं वाक्य येतं.

“स...स...सोफ्यावरून उठलास का?”

काका अडखळत बोलतात. मीही. फरक एवढाच की त्यांचं सगळ्या बुधवार पेठेला ठाऊक होतं, आणि माझं कोणाला कळू नये म्हणून मी अर्धं आयुष्य खर्ची घातलंय. हे लिहितानाही मान खाली जाते. पण लिहिताना निदान अडखळायला होत नाही, म्हणून लिहितो.

बुधवार पेठेत पंप, मोटारी आणि बेअरिंगचं एक होलसेल दुकान आहे. मी तिथे पोटमाळ्यावर बसून अकाउंट्स बघतो. आकड्यांची आवड म्हणून या लाइनला आलो, असं मी घरी सांगतो. खरी गोष्ट अशी, की आकडे मोठ्याने बोलावे लागत नाहीत. काका, म्हणजे नात्याने नव्हे, सगळ्या दुकानाचेच काका, रिटायर होईपर्यंत खाली काउंटरवर होते आणि दुकानाचा फोन त्यांच्या ताब्यात होता. नवीन गिऱ्हाइकाला कळायचंच नाही, की ज्या माणसाला ‘हॅलो’ म्हणायला एवढा वेळ लागतो त्यालाच शेठनी फोनवर का बसवलंय. शेठनी बसवलं नव्हतं. काकांनी ते काम मागून घेतलं होतं, आणि शेठना नाही म्हणायला जमलं नव्हतं.

खेड्यांवरून पंपासाठी फोन करणाऱ्यांना याचं काही वाटायचं नाही. स्पीकरवरून आवाज यायचा, “काका, दमानं घ्या, मी हाय लाइनीवर. तवर बैलाला पाणी दावतो.” पंचाईत व्हायची ती शहरातल्यांची. कोणीतरी घाईतला माणूस काकांचं वाक्य अर्ध्यात असताना फोन ठेवून द्यायचा. काका शांतपणे तोच नंबर पुन्हा लावायचे. “फोन क...कट झाला तुमचा. माझं वाक्य राहिलंय.” आणि ते वाक्य, पहिल्या शब्दापासून, पूर्ण करायचे. त्यात पुष्कळदा ‘तो माल आमच्याकडे नाही’ एवढंच असायचं.

दिसायला बुटके, गोल, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पुण्यातल्या माणसाची जीभ जितकी तिखट असायला हवी तितकी होती, फक्त तिखट जरा उशिरा लागायचं. काकांचा टोमणा निघाला आहे हे आधी सगळ्यांना कळायचं, हमाल हातातलं खोकं तसंच धरून उभे राहायचे, आणि ज्याच्यासाठी तो निघाला आहे त्याला पळून जायलाही वेळ असायचा. कोणी पळायचं नाही. काय येतंय ते ऐकायची उत्सुकता त्यालाही असायची.

त्यांचा शब्द दुसऱ्या कोणी पुरवलेला त्यांना चालायचा नाही. हॉटेलात ‘च...च...’ म्हणाले आणि पोऱ्या म्हणाला, ‘चहा?’ तर काका हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, “नाही. आता क...क...कॉफी.” चहाच हवा असायचा. तरी कॉफी प्यायचे. आणि अडकले की नजर खाली घालायचे नाहीत. समोरच्याच्या डोळ्यांत बघत, थोडंसं हसत, बेल वाजवून दार उघडायची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखे उभे असायचे. हेच मला सहन व्हायचं नाही. माझा शब्द अडला की मला जमीन दिसते. त्यांचा अडला तरी मलाच जमीन दिसायची.

माझी युक्ती वेगळी होती. ‘क’ आणि ‘प’ ही माझी दोन वैरी अक्षरं, आणि तिसरं माझं स्वतःचं नाव. मग मी त्यांच्या वाटेला जातच नाही. वाक्य सुरू करतानाच पुढे कुठे खड्डा आहे ते मला दिसतं आणि मी आधीच वळतो. कात्रजला राहतो, पण कंडक्टरला कधी ‘कात्रज’ म्हणालो नाही. ‘शेवटचा स्टॉप’ म्हणतो. त्यासाठी कात्रजच्या पुढे जाणाऱ्या बसगाड्या सोडून देतो आणि कात्रजलाच संपणारी येईपर्यंत उभा राहतो. एकदा एक कंडक्टर म्हणाला, “शेवटच्या स्टॉपला आईबापांनी नाव नाही ठेवलं का?” सगळी बस हसली. मीही हसलो. सलूनवाल्याने पहिल्यांदा नाव विचारलं तेव्हा तोंडाला आलं ते सोपं नाव सांगितलं, सचिन. तिथे मी आजही सचिन आहे. लग्नानंतर एकदा बायको बरोबर असताना त्याने रस्त्यातून ‘काय सचिनशेठ!’ अशी हाक मारली, तेव्हा घरी जाईपर्यंत मी तिला काय काय सांगत होतो ते मलाच आठवत नाही.

काकांना माझं गुपित कळलं ते उपम्यामुळे.

दुकानाच्या कोपऱ्यावर एक हॉटेल आहे. तिथले पोहे फार चांगले असतात, सगळे तेच घेतात. मी उपमा घ्यायचो. उपमा मला लहानपणापासून आवडत नाही. पण रोज तोच मागायचो, इतका की पुढे पुढे वेटर न विचारताच ‘साहेबांचा उपमा’ म्हणून आणून ठेवायला लागला. नोकरीला लागून बरेच महिने झाले होते. काका एकदा समोर येऊन बसले, पोह्यांवर लिंबू पिळत माझ्याकडे बघत राहिले.

“तुला उ...उपमा आवडतो?”

“हो.”

“खाताना तोंड बघ एकदा आ...आरशात.”

मग त्यांनी स्वतःची बशी माझ्याकडे सरकवली आणि हळूच विचारलं, “प...प...‘प’ का?”

चोरी पकडली गेल्यावर माणसाला वाटत असेल तसं वाटलं. आईवडील सोडले तर तोपर्यंत हे कोणी मला तोंडावर विचारलं नव्हतं. मी ती बशी घेतली नाही. उपमा संपवला, हात धुतले आणि पोटमाळ्यावर जाऊन बसलो. त्यानंतर पुष्कळ दिवस मी काकांना टाळत होतो. ते मात्र रोज जिन्याखाली उभे राहून माझं नाव घेऊन हाक मारायचे. माझं नाव त्यांनाही जड जायचं. पण सगळं दुकान ऐकेल अशा आवाजात, त्याच्या पहिल्या अक्षरावर खूप वेळ थांबून ते नाव पूर्ण करायचे, आणि वर मी आकड्यांत तोंड खुपसून बसलेला असायचो.

त्यांचं एक मत होतं. ते त्यांनी मला हळूहळू, अनेक दुपारी सांगितलं. ते सांगताना ते जितके अडखळले तितकं इथे लिहीत बसलो तर कागद पुरणार नाही, म्हणून सलग लिहितो.

“तुला वाटतं शब्द घशात अडकतो. तो डोक्यात आधीच अडकलेला असतो. ‘पोहे’ म्हणायच्या आधी तू स्वतःला सांगतोस, अडकलो तर मेलो. लहानपणापासून रोज सांगतोयस. एवढं सांगितल्यावर कोणाचाही घसा घाबरेल. आता त्याला दुसरं सांगायची सवय लाव. अडकलो तर अडकलो. पोहे तरीही मिळतात.”

“बोलणं सोपं आहे,” मी म्हणालो. अडखळणाऱ्या माणसाला हे म्हणताना मला काहीच वाटलं नाही.

“बरं. अडकलास. म...मग?”

“मग लोक हसतील.”

“मग?”

“मला लाज वाटेल.”

“मग?”

“मग काय, तोंड लपवून घरी जाईन.”

“घ...घरी तर तू तसाही जाणारच आहेस. साडेसातला द...दुकान बंद होतं.”

हा ‘मग?’चा खेळ ते माझ्याशी कितीतरी वेळा खेळले. दर वेळी शेवटी मी घरीच पोचायचो. मला हसू यायचं, पटायचंही, आणि दुसऱ्या दिवशी मी उपमाच मागायचो. एवढी जुनी सवय पटल्याने जात नाही, तिच्या जागी दुसरी रोज हाताने बसवावी लागते, असं ते म्हणायचे. यालाच ते रियाज म्हणत.

रियाज म्हणजे मुद्दाम अडखळणं. शनिवारी दुकान लवकर बंद व्हायचं, मग काका मंडईत जायचे आणि मला बरोबर घ्यायचे. तिथे ते जे शब्द त्यांना सहज यायचे त्यांच्यावरही मुद्दाम अडखळायचे. “ट...ट...ट...टोमॅटो कसे?” टोमॅटो त्यांना स्वच्छ म्हणता येत होतं, मी दुकानात हजारदा ऐकलं होतं. भाजीवाली थांबायची, शेजारची गिऱ्हाइकं वळून बघायची, आणि काका त्या सगळ्या नजरांकडे एकेक करून बघत उभे. ज्याची भीती वाटते ते आपणच हौसेने करायचं, म्हणजे डोक्याला कळतं की काही होत नाही, असा त्यामागचा हिशोब. एक मावशी त्यांना ओळखायची. ती म्हणायची, “काका, आज लईच अडकताय.”

“आज र...रियाज आहे.”

“करा की. पण वांगी दाबू नका.”

आणि मी? मी पलीकडे लाल भोपळ्यांच्या ढिगाजवळ उभा राहून भोपळे बघायचो. आमच्या घरी कोणी भोपळा खात नाही. एका शनिवारी काकांनी मला पालक आणायला पाठवलं. “फक्त प...पालक म्हण. अडकलास तर फ...फारच छान.” मी गेलो, ती बाई ‘काय देऊ?’ म्हणाली, माझ्या डोक्यात नेहमीचा धाक सुरू झाला आणि मी म्हणालो, “शेपू.” त्यानंतर दर शनिवारी आमच्या घरी शेपू यायला लागला. बायको एकदा म्हणाली, “शेपूची भाजी तुला कधीपासून आवडायला लागली?” मी म्हणालो, चांगली असते तब्येतीला. काका जुडीकडे बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत. एवढं बोलणारा माणूस तिथे का गप्प बसतो ते मला कळायचं, म्हणून जास्तच लाज वाटायची.

मुलगी झाली तेव्हा बायकोच्या मनात कस्तुरी हे नाव होतं. तिच्या आजीचं. मी म्हणालो, जुनाट वाटतं. खूप वाद झाला. ती रडली. शेवटी माझ्या बहिणीने पाळण्यात सई हे नाव ठेवलं. ‘स’ला मला त्रास नाही. पोटच्या मुलीला हाक मारता येणार नाही या भीतीने मी बायकोच्या आजीचं नाव मोडीत काढलं, हे मी फक्त काकांना सांगितलं. ते बराच वेळ काउंटरवरच्या बेअरिंगशी खेळत राहिले. “स...सई छान आहे,” म्हणाले. “पण क...कस्तुरीला अडखळत हाक मारली असतीस, तरी ती आ...आलीच असती रे.”

लहान मुलांशी बोलताना मी अडखळत नाही. मांजराशीही नाही. तिथे माझं डोकं घाबरत नसावं. त्यामुळे सईला बाबाचं हे काही ठाऊक नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाशी बोलायची वेळ आली की मी तिच्यासमोर गप्पच राहायचो. सगळ्यांना वाटायचं, शांत माणूस आहे.

सई सीनियर केजीत गेली आणि एक दिवस ‘पाणी’ म्हणताना अडकली. मुलं अडकतात, जातं आपोआप, असं सगळे म्हणतात. मी तसं म्हणालो नाही. मी पटकन तिला पाण्याचा पेला दिला. पुढच्या वेळी तिचा ‘प’ सुरू व्हायच्या आतच दिला. ती अडकली की माझा चेहरा कसा होतो ते मला दिसत नव्हतं. तिला दिसत होतं.

थोड्याच दिवसांत तिने ‘पाणी’ म्हणणं सोडलं. ती ‘जल’ म्हणायला लागली. “आई, जल दे.” घरात कौतुकच कौतुक. बायकोने माहेरी फोन करून सांगितलं, आजोबांनी स्पीकरवर पुन्हा म्हणायला लावलं, शेजारच्या काकू म्हणाल्या, किती गं शुद्ध बोलते, टीव्हीवर बघून शिकली असणार. पोळीला ती ‘चपाती’ म्हणायला लागली, पेनाला ‘ते लिहायचं’. सगळे हसत होते आणि मी ताटावरून उठून गॅलरीत गेलो. ती कुठे वळतेय ते त्या घरात फक्त मला दिसत होतं. मला जे शिकायला सगळी शाळा लागली होती ते माझी मुलगी बालवाडीतच शिकली होती, आणि शिकवणारा घरातच होता.

तरीही मी कोणाला काही बोललो नाही. बायकोलाही नाही.

त्याच सुमाराला एका शनिवारी बायकोला बाहेर जायचं होतं, म्हणून मी सईला दुकानात घेऊन गेलो. काकांनी तिला काउंटरवर बसवलं, हातात एक मोठं बेअरिंग दिलं आणि ते कसं फिरतं ते सांगायला लागले. सांगताना अडकले. सई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी वरून जिना उतरत होतो.

“तुम्ही असं का बोलता?” तिने विचारलं.

मला वाटलं, जिन्यातच गडप व्हावं. काका मात्र खूश झाले. “माझे काही श...शब्द लंगडी घालत येतात. त्यांना व...वेळ लागतो.”

सई विचारात पडली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “माझे पण.”

हे ती आजवर कोणालाच म्हणाली नव्हती. काकांनी नुसती मान हलवली, जशी शेजारच्या गावच्या माणसाची ओळख पटल्यावर हलवतात. मग ती माझ्याकडे वळली. “बाबा, तुझे पण?”

काका माझ्याकडे बघत होते. हमाल बघत होता. शेठ आतल्या टेबलाशी होते.

“नाही,” मी म्हणालो.

एरवी ज्या शब्दांसाठी जीव गोळा करावा लागतो, त्यांच्या मानाने हा किती सहज आला. सईने परत बेअरिंगकडे तोंड केलं. मला वाटलं, आता काकांचा टोमणा निघेल. मी त्याची वाट बघत होतो, खरंतर मला तो हवा होता. पण सईच्या फ्रॉकला बेअरिंगचं ग्रीस लागलं होतं, काका ते खिशातल्या रुमालाने पुसत बसले.

सोमवारी त्यांनी मला चहाला खाली बोलावलं. सईबद्दल अवाक्षर काढलं नाही. स्वतःची एक गोष्ट सांगितली. नुकतेच नोकरीला लागले होते तेव्हा. आई दवाखान्यात होती आणि डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. थोरला भाऊ नगरला. काका एसटीडी बूथवर गेले. वाक्य पाठ करून गेले होते, ‘आई सीरियस आहे, लगेच ये.’ भावाने उचलला. ‘हॅलो, हॅलो, कोण?’ आणि काकांच्या तोंडून ‘आई’ हा शब्द निघेना. भावाने ठेवला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भावाने शिवी दिली. बूथवाला बघत होता, मागे रांग होती. काका बाहेर पडले आणि सरळ एसटी पकडून नगरला गेले. भाऊ दारातच म्हणाला, फोन का नाही केलास? ते म्हणाले, लाइन लागत नव्हती. दोघं पुण्याला परत पोचले तेव्हा आई गेलेली होती.

“मग?” मी विचारलं. नकळत गेलं तोंडातून.

काका हसले नाहीत. “मग काही नाही. भ...भावाला खरं सांगायला मला फार वर्षं लागली. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, म...मला तेव्हाच वाटलं होतं, तो तू असशील.”

चहा गार झाला होता. थोड्या वेळाने म्हणाले, त्यानंतर त्यांनी शेठकडे फोनचं काम मागितलं. फोन वाजला आणि ते उठून गेले.

त्या रात्री जेवताना मी बायकोला सांगितलं, सई ‘जल’ का म्हणते ते. ती आधी हसली. मग हसायची थांबली. कस्तुरीचंही सांगितलं. त्यावर ती ताटं उचलून आत गेली, आणि नंतर कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. बरोबरच होतं तिचं.

काका रिटायर होऊन मुलीकडे नाशिकला गेले. दुकानाचा फोन आता एक चटपटीत मुलगी घेते. गिऱ्हाइकांची कामं पटापट होतात. खेड्यावरचे लोक अजून विचारतात, ‘ते आमचं सावकाश बोलणारं काका कुठं हाय?’

या वर्षी सईच्या शाळेतून निरोप आला. वर्गात ती बोलत नाही, नुसतं बोट दाखवते, असं तिच्या टीचर म्हणाल्या. आणि त्याचबरोबर, पुढच्या आठवड्यात पालकांनी वर्गात येऊन आपली ओळख करून द्यायची, आपण काय काम करतो ते मुलांना सांगायचं, बाकीचे पालकही बघायला असतील. मी बायकोला म्हणालो, तू जा. ती म्हणाली, “ती बाबाला आण म्हणतेय. आणि मी गेले तरी उपयोग काय?”

रविवारी काकांचा फोन आला. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो पहिल्याच रिंगला उचलला. सगळं सांगितलं. सांगताना अडखळलो, पहिल्यांदाच न वळता.

“जाणार नाहीस? क...का?”

“अडकेन. सगळ्यांसमोर.”

“मग?”

“लोक हसतील.”

“मग?”

“सई बघेल.”

“मग?”

मी तोंड उघडलं आणि पुढे काही नव्हतं. इतकी वर्षं या प्रश्नावर मी घरी जात होतो, आणि आता ज्याच्या भीतीने घरी पळायचं ते घरातच बसलं होतं. पलीकडे काका वाट बघत होते. त्यांना वाट बघायची सवय आहे.

“तिथेच थ...थांब,” ते म्हणाले. “त्याच्या पुढे व...विचार कर.” आणि कधी नव्हे ते त्यांनी स्वतःहून फोन ठेवला.

मी गेलो. खिशात एक बेअरिंग घेऊन गेलो. माझ्या आधी एका बाबाने लॅपटॉपवर ढगांची चित्रं दाखवून क्लाउड म्हणजे काय ते सांगितलं, एका डेंटिस्ट आईने सगळ्यांना छोटे टूथब्रश वाटले. मग टीचर म्हणाल्या, “आता सईचे बाबा.” सई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी म्हणालो, “माझं नाव,” आणि नावाच्या पहिल्या अक्षरावर थांबलो. घट्ट थांबलो. वर्गात पंख्याचा आवाज होता. डेंटिस्ट बाईंनी भलेपणाने फोनमध्ये डोकं घातलं. टीचरच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं. मागे एक मुलगा खुदकन हसला आणि त्याच्या आईने त्याला चिमटा काढला. मी जमिनीकडे बघायचं नाही असं ठरवून आलो होतो, म्हणून सईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. आणि मी बघत असतानाच ती माझ्यापासून एक पाऊल बाजूला सरकली.

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि ती अडखळण्याची नव्हती. तिचं ते सरकणं मी ओळखत होतो.

नाव निघालं शेवटी. मग पंप निघाला, त्यालाही वेळ लागला. बेअरिंग फिरवून दाखवलं, मुलांना ते आवडलं, दोन-तीन जणांना हातात हवं होतं. टाळ्या वाजल्या, जशा अशा वेळी वाजवतात तशा. मी सईचं दप्तर घेतलं आणि आम्ही बाहेर पडलो.

स्कूटरवर ती पुढे उभी राहते, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसत नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा समोर बघतच म्हणाली, “बाबा, तू ख...खोटं बोललास.”

“कधी?”

“दुकानात. त्या आजोबांसमोर.”

“हो,” मी म्हणालो. “ख...खोटं बोललो.” तिच्याशी बोलताना मी आजवर कधी अडखळलो नव्हतो.

“का?”

“लाज वाटली म्हणून.”

तिने हँडलच्या आरशावर बोट फिरवलं. “मला वाटायचं, आपल्या घरात मी एकटीच अशी आहे.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुला लाज वाटली असती ना.”

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. शेजारून जाताना एकजण वाकून म्हणाला, “अहो काका, यापेक्षा जास्त हिरवा होत नाही तो.” मी ऐकलं, पण गाडी काही मला पुढे काढता आली नाही.